मिठाचा हात

शनिवार, २१ ऑक्टोबर २०२३. सकाळी साडेनऊ वाजता रुक्सांदाने तळघरात पहिल्या कोबीचा देठ कोरून काढला, त्या खळग्यात जाडे मीठ भरले आणि गड्डा पिंपाच्या तळाशी ठेवला. त्याआधी अडीच तास, सात वाजता, न्हाणीघरात तिला रक्त दिसले होते. चौदा महिने पाळी आली नव्हती. ती याबद्दल कोणाजवळ काही बोलली नाही.

दोरोहोईतल्या त्या चार मजली इमारतीच्या ‘ब’ जिन्यावर पाच घरे हिवाळ्यासाठी खारवलेला कोबी घालतात. पाच घरांची पाच पिंपे तळघरात एका ओळीत असतात. पाळी चालू असलेल्या बाईने खारात हात घातला तर कोबी बुळबुळीत होतो, असे या भागातल्या सगळ्याच बायका मानतात आणि आपापल्या तारखा पाहून काम उरकतात. ‘ब’ जिन्याने इमारत नवी होती तेव्हाच यावर एक सोपा तोडगा काढला. पाळी कायमची गेलेली एकच बाई सगळ्यांची पिंपे भरते. बाकीच्या कोबी वाहून आणतात, वरची पाने काढतात, पाणी उकळून गार करतात, बी धरलेल्या शेपूच्या जुड्या बांधतात आणि बोलत राहतात. पिंपात हात तिचा एकटीचा. तिला ‘मिठाचा हात’ म्हणतात.

गेली एकोणतीस वर्षे हा हात तिसऱ्या मजल्यावरच्या प्रोफिराचा होता. वय एकोणऐंशी. फेब्रुवारीत ती दारातल्या बर्फावरून घसरली आणि उजवे मनगट मोडले. ते जुळले, पण वाकडे. तिने ऑगस्टमध्येच जाहीर करून टाकले होते की यंदापासून रुक्सांदा. रुक्सांदा बावन्न वर्षांची, समोरच्याच दाराआड वाढलेली आणि अजून तिथेच राहणारी. प्रोफिराच्या आधी हा हात रुक्सांदाच्या आईचा, सावेताचा होता. मधली पाच वर्षे पहिल्या मजल्यावरच्या एका म्हातारीने कशीबशी काढली, ती कोणी मोजत नाही.

“अंड्यावर मीठ भुरभुरतेयस का?” उलट्या बादलीवर बसलेली प्रोफिरा म्हणाली. “मूठ भर, मूठ!”

“भरतेय, मावशी.”

“दिसतंय. कोबीला गुदगुल्या होतायत नुसत्या.”

“जरा दम घेऊ दे तिला,” तिंकुत्सा म्हणाली. ती चौथ्या मजल्यावरची, अडतीस वर्षांची, गुडघ्यावर कोबी घेऊन पाने सोलत होती. “बघ, चेहरा कसा लालबुंद झालाय.”

“तो आतल्या भट्टीने. यंदा तळघरात शेगडी नको. हिला कोपऱ्यात उभी केली की झालं.”

सगळ्या हसल्या. रुक्सांदाही हसली. कपाळावरचा घाम तिने दंडाला पुसला, कारण हात मिठाचे होते.

“हस तू,” प्रोफिरा तिंकुत्साला म्हणाली. “अजून दहा वर्षांनी जानेवारीत खिडक्या उघडशील ना, तेव्हा मी खालून ओरडेन, थंडी वाजतेय म्हणून.”

“दहा वर्षांनी तू एकोणनव्वदची असशील.”

“मग काय झालं? ओरडायला मनगट लागतं?”

दुपारी दोनला पाचवे पिंप भरून झाले. त्यावर मक्याचे दाणे, तिखट पांढऱ्या मुळाचे तुकडे, शेपू, मग गार खार, मग लाकडी पट्ट्या आणि त्यावर नदीतले गोटे. हे गोटे सावेताच्या वेळचे. एकावर तिने निळ्या रंगाने तीन असा आकडा घातला होता. तो तिच्या पिंपाचा. आकड्याचा वरचा अर्धा भाग अजून वाचता येतो.

तो गोटा ठेवताना रुक्सांदाचा हात थांबला.

लहानपणी याच तळघरात तिचे एक ठरलेले काम होते. पिंपाच्या तळापर्यंत एक रबरी नळी सोडलेली असते. पहिले दोन-तीन आठवडे दिवसाआड तिच्यातून फुंकायचे, म्हणजे खार तळापासून ढवळला जातो आणि मीठ सगळीकडे सारखे पोचते. सात वर्षांची रुक्सांदा नळी तोंडात धरून डोळ्यांपुढे काजवे चमकेपर्यंत फुंकत असे. आई बाजूला उभी.

“अजून. अजून थोडं. पिंपाने ढेकर दिली पाहिजे.”

मग खालून मोठा गडगडाट येई, वर फेस उसळे आणि आई म्हणे, “दिली. आता तू दे.” आणि तिला कपभर खार प्यायला देई. आंबट, खारट, शेपूच्या वासाचा. शेजारच्या मुलांना सरबत आवडे. रुक्सांदाला हा.

१९८५च्या ऑक्टोबरात, कोबी घालायच्याच सकाळी, चौदा वर्षांच्या रुक्सांदाला पहिली पाळी आली. आईने कपाटातून सुती कापडाच्या घड्या काढून दिल्या, कसे करायचे ते दोन वाक्यांत सांगितले आणि एप्रन बांधत म्हणाली, “आज तू वरच थांब.”

“आणि फुंकायचं कोणी?”

“बघू कोणीतरी.”

“तू जातेस खाली?”

“मी आजपासून कायमची खाली,” सावेता म्हणाली. ती पन्नाशीची होती. त्या दिवशी ‘ब’ जिन्याने पहिल्यांदा तिच्या हाती मीठ दिले होते. ती आनंदात होती आणि मुलीला वाईट वाटेल म्हणून तो आनंद चेहऱ्यावर येऊ देत नव्हती. रुक्सांदाला दोन्ही कळले. ती तळघराच्या जिन्यावर चौथ्या पायरीवर बसून खालची हसणी ऐकत राहिली.

त्या हिवाळ्यात घरातले हीटर संध्याकाळी तासभर कोमट होत आणि मग दगडासारखे गार. खिडकीत ठेवलेल्या पेल्यातले पाणी सकाळी गोठलेले असे. वडील कोट घालून झोपत. रुक्सांदा आईच्या पाठीला चिकटून झोपे, कारण आईची पाठ तापलेल्या विटेसारखी असायची. आई पांघरूण लाथाडे, उठे, अनवाणी खिडकीशी जाऊन उभी राही, बरणीतून अर्धा कप खार पिई आणि परत येई. गाउन पाठीवर ओला झालेला असे, पण आतून ऊब. सगळ्या आया अशाच गरम असतात, अशी रुक्सांदाची समजूत होती. खरे कारण तिला पस्तीस वर्षांनी कळले, जेव्हा एका रात्री तिने स्वतःच पांघरूण लाथाडले आणि अनवाणी खिडकीशी जाऊन उभी राहिली. तेव्हा विचारायला आई नव्हती. सावेता मार्च १९९० मध्ये गेली. पोटाने गेली, असे घरात सांगितले जाई.

रुक्सांदालाही आधी त्रास झाला तो पोटाचाच. ती तळमजल्यावरच्या एका खोलीत कपडे उसवून-बेतून देण्याचे दुकान चालवते. आधी ती आणि तिच्याआधी आई गावातल्या कपड्यांच्या कारखान्यात होत्या. तो बंद पडला. नवरा जर्मनीत ट्रक चालवतो, दोन महिन्यांतून एकदा येतो. पाळी चुकू लागली त्या वर्षापासून तिचे पोट सकाळी सपाट आणि दुपारी जेवणानंतर ढोल होऊ लागले. तीन-तीन दिवस साफ होत नसे. दुकानात गिऱ्हाइकाच्या कमरेची मापे घेताना स्वतःच्या पोटातली गुडगुड ऐकू जाऊ नये म्हणून ती रेडिओ लावून ठेवी. शेवटी तिने आपल्या सगळ्या घागऱ्यांना दोन-दोन हूक लावले, एक सकाळचा आणि एक संध्याकाळचा.

मुलगी इलिंका तोरिनोत परिचारिका आहे. तिने डबीभर गोळ्या पाठवल्या.

“आई, घेतेस ना? एकेका गोळीत वीस अब्ज चांगले जिवाणू आहेत.”

“एवढ्यांना जेवायला काय घालू?”

“तेच सांगतेय. भाज्या, घेवडा, ओट. ते खातात, तू बरी राहतेस.”

“म्हणजे तू लांब गेलीस आणि मी आता अब्जावधी पोरं सांभाळायची.”

प्रोफिराचा उपाय छोटा होता. सकाळी उपाशीपोटी कपभर खार, रात्री भिजवलेले पाच सुके आलुबुखार आणि रोज जेवणानंतर तळ्यापर्यंत चालत जाऊन यायचे. “आणि बसून रडायचं नाही. रडल्यावर वारा पोटात जातो.” गावातल्या डॉक्टरीणबाईंनी हे सगळे ऐकून घेतले. या वयात शरीरातले संप्रेरक कमी होतात, आतडी मंदावतात, पोटातली वस्तीही बदलते, असे त्या म्हणाल्या. रक्तदाब पाहून त्यांनी कपाचा अर्धा कप केला, रडण्याबद्दल काही मत दिले नाही आणि बाकीचे चालू ठेवायला सांगितले. उन्हाळ्यापर्यंत फरक पडला. संध्याकाळचा हूक आठवड्यातून एखाद्या वेळी लागे. झोपही येऊ लागली.

सप्टेंबरात पोट पुन्हा फुगू लागले. रुक्सांदाने घेवडा कमी केला. संध्याकाळचा हूक सकाळीच लागू लागला, तेव्हा तिने तिसरा शिवला.

हे सगळे तिला त्या शनिवारी सकाळी सात वाजता, हातात कापूस धरून, एका क्षणात आठवले होते. खाली पाच घरांचे दीडशे किलो कोबी येऊन पडले होते. प्रोफिराने आपला जुना एप्रन धुऊन, इस्त्री करून तिच्या दाराच्या मुठीला अडकवून ठेवला होता. सांगितले असते तर काम पुढे ढकलावे लागले असते. किंवा दुसरी कोणी शोधावी लागली असती, आणि आईचा हात आपल्यापाशी येता येता राहिला असता. तिने कापूस लावला, एप्रन बांधला आणि खाली गेली.

मग तिने मनाशी एक हिशेब जुळवला. आपण पाळीत असतो तर कोबी बिघडला असता. म्हणजे कोबी चांगला उतरला तर हे रक्त पाळीचे नाही. आणि पाळीचे नसेल, तर ते काहीच नाही, काहीतरी किरकोळ, थकव्याचे. डॉक्टरला विचारायचे ते तिने पिंपाला विचारायचे ठरवले.

रक्त तीन दिवसांनी थांबले.

ती रोज सकाळी सातला खाली जाऊ लागली. दिवसाआड पाचही नळ्या फुंकायच्या. इतर दिवशी नुसते झाकण उचलून वास घ्यायचा. पाचव्या दिवशी पांढरा फेस आला, तो यायलाच हवा. नवव्या दिवशी तिसऱ्या पिंपातला, म्हणजे तिच्याच घरचा खार गढूळ दिसला. त्या दिवशी तिने एका माणसाची पँट दोनदा उलट बाजूने कापली. बाराव्या दिवशी तिंकुत्सा बटाटे न्यायला खाली आली तेव्हा रुक्सांदा ग्लासात खार घेऊन दिव्यासमोर धरून उभी होती.

“काय गं, क्ष-किरण काढतेयस का?”

“रंग बघतेय.”

“पहिलटकरीण बाळाचा लंगोट बघत नसेल इतकं बघतेयस. होईल नीट. नाही झाला तर दुकानातून आणू.”

“दुकानातला कोबी कोबी नसतो.”

“प्रोफिराच बोलली की तुझ्या तोंडून!”

अकरा नोव्हेंबरला, शनिवारी, खार स्वच्छ झाला. पाचही पिंपांत. फिकट सोनेरी, तळाचा शेपू दिसेल इतका. रुक्सांदाने नळीतून फुंकले, पिंपाने खोल ढेकर दिली आणि तळघरात कोणी नाही असे पाहून तीही मोठ्याने हसली.

तेराला, सोमवारी, पुन्हा रक्त दिसले. तिने स्वतःला सांगितले की कोबी चांगला आहे.

मंगळवारी, चौदाला, नाताळचे उपास सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, प्रोफिराने तिला चवीसाठी बोलावले. पिंपे अजून उघडायची नसतात, पण मिठाच्या हाताने एक गड्डा काढून आधीच्या मिठाच्या हाताला चाखवायचा, अशी ‘ब’ जिन्याची रीत आहे. प्रोफिराच्या स्वयंपाकघरात मक्याची गरम मामालिगा पाटावर उलथून ठेवली होती. दोऱ्याने कापलेले तिचे काप वाफाळत होते. प्रोफिराने डाव्या हाताने कोबी चिरला, वर तेल आणि लाल तिखट घातले आणि पहिला घास डोळे मिटून चावला. कुरकुर आवाज झाला.

“अगदी सावेताच्या शेवटच्या पिंपासारखा,” ती म्हणाली. “अठ्ठ्याऐंशी सालचा.”

“शेवटच्या? आई तर नव्वदला गेली.”

“एकोणनव्वदला कुठे भरली तिने? उभं राहवत नव्हतं. तू तेव्हा इयाशला शिकत होतीस. तो सगळा कोबी वाया गेला, त्या म्हातारीला मीठच कळायचं नाही.” तिने आणखी एक घास घेतला. “पण अठ्ठ्याऐंशीचा! काचेसारखा. लोक खालून वर यायचे, एक गड्डा द्या म्हणून.”

रुक्सांदाला इतका आनंद झाला की तिला तो पेलला नाही.

“मावशी, मग तुला एक सांगते. ओरडू नकोस. मी पिंपं भरली ना, त्या दिवशी सकाळी मला अंगावर गेलं होतं. आणि बघ! कोबीला काही म्हणता काही झालं नाही.”

प्रोफिरा हसेल, निदान शिवी हासडेल, असे तिला वाटले होते. प्रोफिराने काटा खाली ठेवला.

“पाळी जाऊन किती झाले होते?”

“चौदा महिने.”

“किती दिवस गेलं?”

“तीन. आणि काल परत थोडंसं.”

“पोट?”

“पोटाचं काय, ते फुगतंच...”

“रुक्सांदा, पोट कसं आहे?”

रुक्सांदाने घागऱ्याकडे पाहिले. “तिसरा हूक शिवला.”

प्रोफिरा उठली, खिडकीशी गेली, पडदा उगाच सरळ केला आणि परत येऊन बसली.

“सावेताने मला हेच सांगितलं होतं,” ती म्हणाली. “याच टेबलाशी. तू बसलीयस तिथेच बसून. ‘प्रोफिरा, मला परत अंगावर जातंय, आणि बघ कोबी कसा झालाय.’ तिची पाळी जाऊन चार वर्षं झाली होती. आम्ही दोघी पोट धरून हसलो. सगळ्या जिन्याला फसवलं म्हणून. आणि अख्खा गड्डा संपवला.”

“मग डॉक्टर?”

“कोण जाणार होतं तेव्हा? मूल पाडायला बंदी होती, तुला आठवत नाही? कारखान्यात दर थोड्या महिन्यांनी बायकांना टेबलावर निजवायचे, पोटात मूल आहे का बघायला. रक्त दिसलं की चौकशी. पाडलंस का? कोणी पाडलं? नाव सांग. बाजूच्या खोलीत पोलीस बसलेला. तुझी आई म्हणाली, त्रेपन्नाव्या वर्षी मला हे ऐकून घ्यायचं नाही.”

“मला पोट म्हणून सांगितलं.”

“पोटही होतंच की. फुगायचं. जेवण जायचं नाही. आम्ही म्हटलं वय आहे, वारा धरलाय. खार पाजला. दोन-दोन कप.” प्रोफिराचे वाकडे मनगट टेबलावर पडले होते, ते तिने दुसऱ्या हाताने उचलून मांडीवर घेतले. “मी पाजला.”

मामालिगा गार झाली होती.

“आई गेल्यापासून तेहतीस वर्षं तू माझ्यासमोर राहतेस,” रुक्सांदा म्हणाली. “रोज दार उघडलं की तू दिसतेस.”

“तू कधी विचारलं नाहीस.” मग लगेच प्रोफिराने मान हलवली. “नाही, ते खोटं. मला लाज वाटायची. आणि मला तरी काय माहीत होतं? अजूनही माहीत नाही. ती त्या रक्तापायीच गेली की दुसऱ्या कशाने, कोणी बघितलंच नाही. पण एक कळलंय मला. कोबी चांगला होता आणि ती मेली. कोबीला काही कळत नाही गं पोरी. तो मीठ आणि थंडी बघतो. कोण घालतंय ते बघत नाही.”

“मग एवढी वर्षं आपण...”

“हो. एवढी वर्षं.”

रुक्सांदा उठून दाराशी गेली. तिचा राग अजून उतरला नव्हता. प्रोफिराने तिच्या पाठीमागून हाक मारली. “उद्या सकाळी आठला तयार राहा. मी येतेय बरोबर.”

“मला येतं जाता.”

“तुला येतं. मला यायचंय.”

गुरुवारी, सोळाला, डॉक्टरीणबाईंनी तिला तपासले. बुधवारी दवाखाना बंद निघाला होता आणि दोघी पायऱ्यांवर अर्धा तास बसून परत आल्या होत्या. बाईंनी जिल्ह्याच्या रुग्णालयासाठी चिठ्ठी दिली. एकवीसला तिथे सोनोग्राफी झाली. गर्भाशयाचे अस्तर अकरा मिलिमीटर जाड दिसले. पाळी गेल्यावर रक्त गेले असेल तर ते चारहून जास्त असू नये, असे तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी सांगितले. चोवीसला, शुक्रवारी, त्यातला तुकडा काढून तपासणीला पाठवला. तज्ज्ञ बाई चाळिशीच्या होत्या, शेजारच्याच गावच्या.

“दहातल्या नऊ जणींचं साधं निघतं,” त्या म्हणाल्या. “पण दहावी कोण, ते सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं. पहिल्यांदा रक्त दिसल्यावर जवळजवळ चार आठवडे का थांबलात?”

रुक्सांदाने खरे ते सांगितले. कोबीचे, खाराचे, हिशेबाचे. खोलीतली परिचारिका खिडकीकडे पाहू लागली. डॉक्टर हसल्या नाहीत.

“माझी आई पिंप भरायच्या आधी मला अजून फोन करून तारीख विचारते,” त्या म्हणाल्या. “मी डॉक्टर आहे, आणि मी खरी तारीख सांगते.” मग त्यांनी कागदावर लिहायला घेतले. “पोटासाठी जे करताय ते चालू ठेवा. चालणं, आलुबुखार, खार अर्धा कप. ते चांगलंच आहे. फक्त त्याने बरं वाटलं म्हणजे बाकी सगळं ठीक आहे, असं समजू नका.”

इलिंकाला तिने त्याच संध्याकाळी फोन केला. रक्ताचे आणि तपासणीचे सांगितले. मग इलिंका म्हणाली, “मी तुला गोळ्या पाठवत बसले, आई.” तिने पंधरा डिसेंबरचे विमान घेतले आहे.

सहा डिसेंबरला, संत निकोलाच्या दिवशी, पिंपे उघडायची होती. पहिला गड्डा मिठाच्या हातानेच प्रत्येक घराला द्यायचा असतो. संध्याकाळी पाचला बायका टोपल्या घेऊन खाली जमल्या, तेव्हा रुक्सांदाने झाकणाला हात लावायच्या आधी सगळे सांगितले. एकवीस ऑक्टोबर, सकाळी सात. रक्त. भरलेली पिंपे. तपासणीला गेलेला तुकडा.

आधी तिंकुत्साला कंठ फुटला.

“म्हणजे मी दोन आठवडे नवऱ्याच्या नकळत झाकण उचलून खातेय, ते...” ती थांबली. “मला तर काही झालं नाही.”

“तू दोन आठवडे चोरून खातेयस?” प्रोफिरा बादलीवरून ओरडली.

“पाव किलो फक्त!”

कोणीतरी हसले. पहिल्या मजल्यावरची आग्लाया हसली नाही. ती सत्तरीची, देवळात दर रविवारी पहिल्या ओळीत उभी राहणारी. तिने छातीवर क्रूसाची खूण केली.

“तुझ्यासाठी मेणबत्ती लावेन मी,” ती रुक्सांदाला म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटले. “पण माझं पिंप उघडू नकोस. आधी तुझा निकाल येऊ दे. मग बघू.”

“निकालाचा आणि पिंपाचा काय संबंध?” प्रोफिराने विचारले.

“तुला काय माहीत, नाही म्हणून?”

“मला माहीत आहे,” प्रोफिरा म्हणाली. ती पुढे काही सांगणार होती; तिने रुक्सांदाकडे पाहिले. रुक्सांदाने मान हलवून नको म्हटले. मग रुक्सांदाच म्हणाली, “मी सांगते.” आणि तळघरातल्या त्या पिवळ्या दिव्याखाली तिने अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट सांगितली, आईच्या नावासकट. काचेसारख्या कोबीसकट.

आग्लायाने ऐकून घेतले. तिचे पिंप बंदच राहिले. बाकीची चार रुक्सांदाने उघडली. तिसऱ्यावरचा निळ्या आकड्याचा गोटा तिने उचलून बाजूला ठेवला, बाही कोपरापर्यंत सारली आणि हात खारात घातला. खार बर्फासारखा गार होता. पुढच्या वर्षी पिंपे कोणी भरायची, हे तिंकुत्साने जिना चढता चढता विचारले.

शुक्रवारी, आठ डिसेंबरला, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी रुक्सांदाने रुग्णालयाला फोन केला. अहवाल प्रयोगशाळेतून यायचा होता. सोमवारी करा, असे पलीकडचा आवाज म्हणाला. ती दुकान बंद करून वर आली तेव्हा प्रोफिराचे दार उघडे होते. आतून मामालिगेचा वास येत होता. टेबलावर दोन ताटल्या होत्या. रुक्सांदा आत गेली आणि आईच्या खुर्चीवर बसली. कोबीत तेल जास्त झाल्याचे तिने सांगितले. तेल नेहमीइतकेच आहे, असे प्रोफिरा म्हणाली.

सोमवारी, अकराला, ती दुपारी चारपर्यंत दुकानात बसून होती. रेडिओ बंद होता. घागऱ्याचा दुसरा हूक लागला होता.

त्या वेळेपर्यंत अहवाल आलेला नव्हता. आग्लायाच्या पिंपाचे झाकण बंद होते.